‘बरोबर’ आल्याशिवाय

३ फेब्रुवारी, सोमवार

काल मला काढलं. ‘काढलं’ असं कुणी म्हणालं नाही, तेवढी धमक कुणात आहे? दातवाला, म्हणजे गावातला दातांचा डॉक्टर आणि आमच्या क्लबचा अध्यक्ष, उठला, चष्मा पुसला आणि ‘ताईंना आता विश्रांती द्यावी’ असा ठराव मांडला. विश्रांती! मी काय बाळंतीण आहे? सतरा हात वर झाले. मी एकेक मोजला. त्यातल्या अकरा हातांना मोर्सची की, म्हणजे टकटक करून निरोप पाठवायचं ते बटण, कशी धरायची हे मी शिकवलेलं आहे.

एकोणीस वर्षं क्लबच्या त्या टेबलावर बसून मी दर रविवारी सकाळी आठला सगळ्या खोऱ्याची हजेरी घेतली. त्याआधी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आवाज हीच माझी भाकरी. हौशी वायरलेसवाल्यांचा आमचा क्लब म्हणजे एरवी रिकामटेकड्यांचा अड्डा, असं लोक म्हणतात. पण नदी चढली, फोन गेले, वीज गेली की हेच लोक आमच्या दारात उभे असतात.

गेल्या ऑगस्टपासून हे शिजत होतं, मला ठाऊक आहे. पूल पाण्याखाली होता. दातवाला त्याचा सेट घेऊन पलीकडच्या शाळेपाशी. मी टेबलावर. भर दुपार. शाळेच्या छतावर साठ माणसं आहेत असा निरोप त्याने दिला. मी तो बोटींच्या कचेरीत पोचवला. तीनच बोटी होत्या, तिन्ही शाळेकडे गेल्या. छतावर सात माणसं निघाली. तोवर खालच्या गल्लीतला शिंपी त्याच्या छपरावर बसून होता. बोट त्याच्याकडे वळली तेव्हा छप्पर होतं, शिंपी नव्हता.

त्या माणसाने बावीस वर्षं माझे ब्लाउज शिवले.

आणि आता खोरंभर काय बोललं जातं? ‘बाईंनी सातचं साठ ऐकलं.’ हे कुणी पसरवलं असेल? तिथे सेटवर दोघंच होतो. एक मी, दुसरा तो.

ही वही आज मुद्दाम विकत आणली आहे. दातवाल्याला त्याच्याच सभेत, त्याच सतरा हातांसमोर तोंडघशी पाडल्याशिवाय ती मिटणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दारावरची बेल पुन्हा बिघडली. दूधवाला दहा मिनिटं उभा होता म्हणे. या महिन्यात तिसऱ्यांदा. फिटरला बोलावलं. फिटर म्हणजे क्लबचा जुना माणूस, अँटेनाच्या खांबावर चढतो तो. रविवारी त्याचाही हात वर होता, पण अर्धाच. बेल उघडून बघितली, बटण दाबून बघितलं. म्हणाला, “बाई, बेल ठीक आहे.”

“ठीक आहे तर वाजत का नाही?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “बघतो काहीतरी.”

हल्ली कुणाला आपलं काम धड येत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वन्संचा दात दुखायला लागला. आमच्या वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, हे गेल्यापासून माझ्याकडेच असते. लग्न केलं नाही, शाळेत चित्रकला शिकवली, आता मला शिकवते. मी लगेच लवंगेचं तेल काढून दिलं आणि बजावलं, “उपटायची वेळ आली तरी त्याच्याकडे जायचं नाही. दुसऱ्या गावाला जाऊ.”

तेलाची बाटली हातात धरून वन्सं म्हणाल्या, “वहिनी, दात नाही हो. टाच. टाच दुखतेय.”

आधी दात म्हणायचं, मग टाच म्हणायचं. पुटपुटायची सवयच आहे त्यांना. दुपारी कुकर करपला, तर तेही माझ्याच माथी. “शिट्ट्या मोजायला तुम्ही बसला होतात ना?” बसले होते. झाली नाही शिट्टी. गॅस्केट गेलं असणार.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्या जागेवर मास्तरीण बसली. गणित शिकवते, वय पस्तीस, आवाज बेडकासारखा. घरच्या सेटवर हजेरी ऐकली. निम्म्या लोकांचं मला काही कळलं नाही. मी असताना एकेक जण कसा खणखणीत बोलायचा! मी उठले आणि आठवड्याभरात सगळे गुळण्या धरून बोलायला लागले. शिस्त गेली की असंच होतं.

त्यापेक्षा मोर्स बरं, त्याच्या जाड्या सुरात सगळं स्वच्छ कळतं. सकाळी सहाला की घेऊन बसले होते, तर क्लबने शिकाऊंसाठी ठेवलेलं ओळखचिन्ह वापरून कुणी नवशिका टकटक करत होता. रोमन अक्षरांत मराठी, आम्ही सगळे तसंच पाठवतो. काय तो हात! मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. हा हात दगड फोडत होता. अर्धा तास माझा फुकट गेला, पण हसून हसून मन हलकं झालं. शेवटी न राहवून मी पाठवलं, ‘सावकाश.’ तो घाबरून थांबला. मग हळूहळू पुन्हा सुरू झाला. कोण आहे ते विचारलं नाही. शिकणाऱ्याला लाज वाटते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सापडली!

पूर आला की टेबलावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये मी कॅसेट घालते. एक्स्चेंजची सवय. दातवाल्याला हे माहीत नाही, तो कुठे कधी टेबलापाशी फिरकायचा! चार खोकी उपसली, अंगभर धूळ. ‘ऑगस्ट, पूर, दुपार’ असं माझ्याच अक्षरात. पाच वेळा ऐकली. शब्दन् शब्द उतरवून ठेवते.

मी: क्लब ऐकतोय, बोला.

तो: शाळेच्या छतावर साठ माणसं आहेत. साठ. बोट पाठवा.

मी: शाळेचं छप्पर, साठ माणसं. परत वाचलं. बरोबर?

(खरखर. मी घड्याळ लावून मोजली. अकरा सेकंद.)

मी: साठ. बरोबर?

(खरखर.)

त्यानंतर मी बोटींच्या कचेरीला निरोप देते.

साठ. दोनदा. स्वच्छ. कुणीही ऐकावं.

टेबलावर माझ्याच हाताने लाल शाईत रंगवलेली पाटी आहे: ‘निरोप परत वाचा. “बरोबर” आल्याशिवाय निरोप पुढे जात नाही.’ उद्या तो ती पाटी दाखवेल, हे मला कळतं. ‘बरोबर’ आलं नव्हतं, कबूल आहे. पण साठ माणसं छतावर उभी असताना पाटी वाचत बसायचं का? मी काय, कुणीही तेच केलं असतं. हा मुद्दा सभेत काढायचा नाही. कुणी काढलाच तर बघून घेईन.

आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वन्संना कॅसेट ऐकवली. म्हटलं, एक तालीम होऊन जाऊ दे. त्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होत्या. एकदा ऐकली, मग स्वतःच बटण दाबून पुन्हा ऐकली.

“ऐकलंत ना? साठ!”

वन्संनी टेपरेकॉर्डर बंद केला. मग माझा हात धरून म्हणाल्या, “वहिनी, ही कॅसेट कुणाला ऐकवू नका. माझ्यासाठी.”

“का? घाबरता त्याला?”

“मी कशाला घाबरू? तुमची काळजी वाटते.” आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. रडत होत्या की कांदा चिरत होत्या, कळलं नाही.

पहिल्यापासून भित्रीच आहे. भांडण म्हटलं की ही स्वयंपाकघरात पळणार.

फिटरने बेल बदलली. आता म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो, पण येतो. शेवटी जमलं म्हणायचं त्याला.

२ मार्च, रविवार

नवशिका रोज सहाला हजर असतो. अक्षरं सुधारली, आकडे नाहीत. त्याचा सात नेहमी सहा होतो. सात म्हणजे डा डा डिट डिट डिट, दोन लांब, तीन आखूड. हा गडबडीत एक डा गिळतो आणि एक डिट जास्त हाणतो. आज मी त्याला चांगलं झापलं. पाठवलं, ‘आकडे आधी. अक्षर चुकलं तर अर्थ लागतो. आकडा चुकला तर माणूस जातो.’

बराच वेळ पलीकडे सामसूम. मला वाटलं, रागावून उठला. मग आलं, ‘हो. शिकवा.’

सात शंभर वेळा पाठवायला लावला. सत्त्याण्णव वेळा सहाच आला. पण माणूस चिकाटीचा आहे. असा एक जरी क्लबात असता तर दातवाला अध्यक्ष झाला नसता. त्यालाही मीच शिकवायला गेले होते, दहा वर्षांपूर्वी. त्याचा हात बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “डॉक्टर, की आहे ती, दाढ नाही.” लोक लोळून हसले. तो पुन्हा मोर्सच्या वाटेला गेला नाही. तेव्हापासूनच डूख धरून आहे.

९ मार्च, रविवार

आज एक धाडस केलं. ऑगस्टपासून खालची गल्ली टाळत होते, बाजारात जायला मोठा वळसा घ्यायचे. आज सरळ गेले. शिंप्याचं दुकान उघडं आहे. त्याची बायको चालवते. मशीन तेच, कात्री तीच, भिंतीवर त्याची मापाची टेप लटकवलेली.

तिने बसायला स्टूल दिलं. म्हणाली, “बाई, तुमचं माप वहीत आहे अजून. त्यांच्या अक्षरात.”

मी स्टुलावर बसले. तीच बोलत होती. मशीन चालू ठेवून बोलत होती, त्यामुळे दोनदा विचारावं लागलं. “डॉक्टर आले होते, तिसऱ्याच दिवशी. इथेच, जमिनीवर बसले. म्हणाले, चूक माझी झाली, मी आकडा नीट सांगितला नाही. मी म्हटलं, आता काय त्याचं. एवढंच वाटतं की बोट आधी का नाही आली, ते कुणीतरी मला नीट समजावून सांगावं.”

म्हणजे याने कबूल केलेलं आहे! तिसऱ्याच दिवशी! आणि तरी फेब्रुवारीत उठून मला विश्रांती देतो! चोर तो चोर, वर शिरजोर! घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. टेप आहे, कबुली आहे, आता फक्त सभा हवी. नियमाप्रमाणे सात सभासदांनी लिहून दिलं की खास सभा घ्यावीच लागते. उद्यापासून दारोदार फिरते.

ब्लाउजचं कापड न्यायचं विसरले.

२७ मार्च, गुरुवार

सात सह्या झाल्या. आठवी फिटरची. सही करताना म्हणाला, “बाई, एकदा कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन या ना. मीच नेतो स्कूटरवर.”

“कान तुझे फुंकलेत कुणीतरी,” मी म्हटलं. त्याने गुपचूप सही केली.

संध्याकाळी म्हैस हंबरली. दारात दातवाला! मी आत या म्हटलं नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलला. कधी नव्हे तो मोठ्याने आणि सुटं सुटं बोलत होता, जणू मी कुणी खुळी आहे.

“ताई, टेप आहे असं ऐकलं. वाजवू नका.”

“का हो? दातखीळ बसेल?”

“माझ्यासाठी नाही म्हणत. तुमच्यासाठी म्हणतोय.”

“माझी काळजी सोडा, डॉक्टर. सहा तारखेला सभेला या. पुढची खुर्ची ठेवते.”

तो पायरी उतरून गेला. चेहरा पडला होता. काय सुख झालं म्हणून सांगू! आज वर्षभरात लागली नाही अशी गाढ झोप लागणार.

६ एप्रिल, रविवार

झालं. जिंकले. पण सगळं क्रमाने लिहिते. हे पान पुढे मला पुन्हा पुन्हा वाचायचं आहे.

खोली भरली होती, सभासद सोडून गावातलेही आले होते. उभे राहायला जागा नाही. मी नवी साडी नेसले होते. वन्संनी यायचं नाकारलं. मी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, मोठा स्पीकर जोडला आणि म्हटलं, “भाषण करत नाही. ऐका.” बटण दाबलं.

साठ. साठ. भिंतीवर आपटून परत आला आवाज.

बंद केलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. मी एकेकाचा चेहरा बघत होते. फिटर बुटांकडे बघत होता. काही जण एकमेकांकडे. मला वाटलं होतं, गलका होईल, त्याला जाब विचारतील. एकही बोलेना. शरमेने तोंडं शिवली होती, दुसरं काय! मास्तरीण तेवढी उठली. “पण हे तर...” एवढंच म्हणाली.

“बसा,” दातवाला म्हणाला. असा आवाज त्याचा मी कधी ऐकला नव्हता. ती बसली.

मग तो उभा राहिला. माझ्याकडे बघून नाही, सगळ्यांकडे बघून, सावकाश म्हणाला, “ऐकलंत सगळ्यांनी. मी साठच म्हणालो. चूक माझी. ताईंची नाही. हे कुणी पुन्हा बोलणार नाही.” आणि अध्यक्षपदाचा राजीनामा खिशातून काढून टेबलावर ठेवला. लिहूनच आणला होता!

मी सोडलं नाही. म्हटलं, “तोंडी नको. लिहून पाटीखाली लावा.” त्याने कागद मागितला. ‘गेल्या वर्षीच्या पुरात शाळेचा आकडा मी चुकीचा सांगितला.’ खाली सही. लाल पाटीखाली स्वतःच्या हाताने चिकटवला. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, आधी एकाने, मग सगळ्यांनी. फिटर डोळे पुसत होता. इतक्या दिवसांनी न्याय झाला की येतंच पाणी.

मला माझं टेबल परत मिळालं. सतराच्या सतरा हात वर.

घरी आले तर वन्सं दारातच. “काय झालं?” सांगितलं. त्या मटकन पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “देवमाणूस आहे.”

मी नीट ऐकलं नसेल. दातवाल्याबद्दल असं कोण म्हणेल?

१३ एप्रिल, रविवार

पहिली हजेरी. मी परत आल्याचा परिणाम लगेच दिसला. सगळे सावकाश, एकेक आकडा सुटा सांगतात. ‘सहा, शून्य.’ ‘एक, चार.’ शिस्त आली! फिटर माझ्या शेजारी वही घेऊन बसला होता. “तू कशाला?” “शिकतोय, बाई.” या वयात! बसू दे.

जिंकल्यावर जेवढं गोड लागायला हवं होतं तेवढं लागत नाही, हेही लिहून ठेवते. वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. तो कागद टेबलासमोरच आहे, मान वर केली की त्याची सही दिसते. टेपही परवा पुन्हा ऐकली. साठच आहे. मग पुन्हा का ऐकली?

सहाला नवशिका नव्हता. आठवडाभर नाही.

२१ एप्रिल, सोमवार

नवशिका आला. विचारलं, ‘कुठे होतास?’ ‘कामं.’ सात पाठवायला सांगितला. शंभरातले साठ बरोबर. मी शाबासकी दिली. त्याने पाठवलं, ‘पावसाळ्याआधी पक्का करायचाय.’

जगात एक माणूस तरी माझं ऐकतो.

११ मे, रविवार

पुराची रंगीत तालीम. चार ठिकाणांहून निरोप, मी टेबलावर, फिटर शेजारी. सगळं सुरळीत. शेवटी सहज त्याच्या वहीत नजर गेली. दवाखान्याच्या निरोपात मी ‘आठ आजारी’ लिहिलं होतं. त्याच्या वहीत ‘सात’. आणि कचेरीत गेलेला कागद त्याच्या वहीतला होता, माझा नव्हे.

“कान तपासून घे,” मी म्हटलं.

“हो, बाई,” तो म्हणाला आणि वही मिटली.

घरी येताना रस्त्याच्या कडेला झाडावर पाखरं बसली होती, पंधरावीस तरी. चोची उघडत होती, मिटत होती. मी उभी राहून बघत होते. मग भाजी घ्यायची होती ते आठवलं.

८ जून, रविवार

यंदा वळवाच्या पावसानेच वरच्या धरणात पाणी काठोकाठ. पुढच्या सोमवारी दरवाजे उघडणार असं कचेरीतून कळवलं आहे. या खेपेला खालच्या गल्लीसाठी एक बोट वेगळी ठेवली आहे. कुणाची सूचना विचारलं, तर म्हणे डॉक्टरांची. अध्यक्ष नाही तरी नाक खुपसतोच. पण सूचना बरी आहे.

मास्तरीण भेटली. म्हणाली, “बाई, सोमवारी बोलण्याच्या सेटवर मी बसू का? तुम्ही फक्त लक्ष ठेवा.” मी साफ नाही म्हटलं. पुन्हा विश्रांतीचंच पिल्लू! ती रडवेली झाली. म्हणाली, “मग तुम्हाला कोण सांगणार?”

काय सांगणार, ते विचारलं तर निघून गेली.

१५ जून, रविवार

सकाळी सहाला की समोर बसले. उद्या पाणी येणार, आज हात मोकळा करावा म्हणून.

नवशिका आला. पण आज धडा मागितला नाही. पाठवलं, ‘निरोप आहे. घ्या.’

मी पेन्सिल घेतली. सवय.

‘गेल्या ऑगस्टचा. शाळेच्या छतावर माणसं.’

आणि मग डा डा डिट डिट डिट.

एकही डा गिळला नाही. पुन्हा, डा डा डिट डिट डिट. पुन्हा. तीन वेळा, पक्का. साठ असता तर सहा आला असता, डा डिट डिट डिट डिट, आणि मग शून्याचे पाच लांबलचक डा. सातात आणि साठात मोर्समध्ये इतकं अंतर आहे की झोपेतसुद्धा चुकणार नाही.

पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली. तो पाठवत राहिला. फार हळू पाठवतो, एका शब्दाला अर्धं मिनिट, त्यामुळे मध्येच अडवायला, रागवायला, सेट बंद करायला मला भरपूर वेळ होता. मी काहीच केलं नाही.

‘ताई. मी सात म्हणालो होतो. टेपवर सात आहे. सगळ्यांनी सात ऐकलं. तुम्हाला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मला आधी कळायला हवं होतं. पाणी चढत होतं म्हणून सेट घेऊन पळालो. बरोबर म्हणायला थांबलो नाही. ती चूक माझी. ती खरीच माझी. सांगायचं धाडस झालं नाही. तोंडाने सांगितलं असतं तर वेगळंच ऐकलं असतंत. म्हणून हे शिकलो. उद्या मास्तरीण बोलेल. मोर्स तुमचं. तुमच्यासारखा हात खोऱ्यात नाही. माफ करा.’

दातवाला. चार महिने रोज सहाला. मी त्याला शाबासकी दिली. जगात एक माणूस माझं ऐकतो असं लिहून ठेवलं आहे वर, ते खोडणार नाही.

टेप लावली. कानाला स्पीकर चिकटवून ऐकली. अजूनही साठ ऐकू येतं. हेच सर्वांत भयंकर. वन्सं दारात उभ्या होत्या, मी विचारलं, “काय आहे?” त्या जवळ आल्या, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाल्या, “सात आहे हो, वहिनी.” ओठ बघितले तेव्हा कळलं.

म्हणजे मी माझ्या कानांचा सूड त्याच्यावर उगवला. त्याच्याकडून लिहून घेतलं, सही घेतली, टाळ्या ऐकल्या. त्या खोलीत पन्नास माणसं होती आणि त्या सगळ्यांना ठाऊक होतं. लाज म्हणजे काय, ते आज सत्तराव्या वर्षी कळलं.

पण अकरा सेकंद कधीच उलटून गेले होते आणि तो पलीकडे वाट बघत होता. घेतलेला निरोप परत वाचायचा असतो. की वर बोटं ठेवली. त्याच्याच वेगाने, एकेक अक्षर सुटं. पाठवलं, ‘शाळेचं छप्पर. माणसं ७. परत वाचलं. बरोबर?’

खरखर. मी मोजत होते. चार. पाच. सहा.

मग आलं, एकेक अक्षर दगड फोडल्यासारखं: ‘बरोबर.’

आत्ता नऊ वाजलेत. आज हजेरी मास्तरणीने घेतली, मी फिटरकरवी तसा निरोप दिला. आता क्लबवर जाते. लाल पाटीखालचा कागद उतरवायचा आहे आणि तिथे माझा लावायचा आहे. लिहून तयार आहे, सहीसकट. पण आधी खालची गल्ली. बोट आधी का नाही आली, ते कुणीतरी नीट समजावून सांगावं, एवढंच शिंप्याची बायको म्हणाली होती. रविवार असला तरी दुकान उघडं असतं. मशीन बंद करून माझ्या समोर बस, म्हणजे तू काय बोलतेस ते मला दिसेल, असं तिला सांगेन. आणि मग सांगेन.